मुलांसोबत पाणचक्की: नुसती फिरवू नका, कामाला लावा

नळाखाली धरलेलं चाक गरगर फिरायला लागलं की मुलं टाळ्या पिटतात आणि मोठ्यांना वाटतं, झाला धडा. पण रिकामं फिरणारं चाक पाण्याच्या शक्तीबद्दल फार थोडं सांगतं. पाणी ढकलतं, चाक ढकललं जातं, एवढं मुलांना बादलीत हात बुडवून खेळतानाच कळलेलं असतं. त्याच चाकाच्या आसाला दोरा बांधा, दोऱ्याच्या टोकाला एक लोखंडी नट लटकवा आणि पुन्हा पाणी सोडा. आता प्रश्नांचा पाऊस पडतो. अजून एक नट चालेल का? पाणी अजून उंचावरून सोडलं तर? चाक अडलं, ते पाणी कमी पडलं म्हणून की दोरा अडकला म्हणून?

म्हणून या लेखातली निम्मी कृती चाक बनवण्याची आहे आणि उरलेली निम्मी त्याच्याकडून काम करून घेण्याची. वेळ कमी असेल तर चाक ओबडधोबड राहिलं तरी चालेल, पण वजन उचलण्याचा भाग गाळू नका.

हा मार्ग काही नवा नाही. इंग्लंडमधला अभियंता जॉन स्मीटन याने १७५० च्या दशकात साधारण दोन फूट व्यासाचं नमुन्याचं चाक बनवलं, त्याच्या आसावर दोरी गुंडाळली आणि किती पाणी किती उंचीवरून पडल्यावर किती वजन किती वर चढतं हे मोजत बसला. खालून ढकललं जाणारं चाक चांगलं की वरून भरलं जाणारं, यावर तेव्हा जाणकारांचं एकमत नव्हतं. स्मीटनने वाद न घालता मोजमाप केलं आणि १७५९ साली लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे निष्कर्ष मांडले: वरून पाणी पडणारं चाक खालून ढकललं जाणाऱ्या चाकाच्या साधारण दुप्पट काम देतं. त्याबद्दल त्याला सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. तुमची मुलं जे करणार आहेत ते नेमकं हेच आहे, फक्त चाक लहान.

कोणत्या वयाला काय

पाच ते सात वर्षांच्या मुलांना चाक तयार करून द्या. त्यांनी पाणी ओतायचं, चाक कधी जोरात आणि कधी सावकाश फिरतं ते सांगायचं. आठ-नऊ वर्षांपासून मुलं जोडणीचं बहुतेक काम स्वतः करतात. मोजमाप आणि गुणाकार दहा-अकराच्या पुढे रंगतात. मिश्र वयाचा गट असेल तर फार छान, कारण या प्रयोगात पाणी धरणारा, घड्याळ बघणारा, वजन लावणारा आणि लिहिणारा असे चौघे सहज लागतात. त्याहून मोठा गट एका चाकाभोवती उभा करू नका, मागची मुलं नुसती भिजतात.

दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवा. कटर, तापलेला खिळा आणि गरम गोंदाची बंदूक मोठ्यांच्याच हातात राहील. आणि टब भरलेला असेपर्यंत लहान मूल त्याच्याजवळ एकटं राहणार नाही. तान्ह्या-रांगत्या मुलांना काही सेंटिमीटर पाणीही धोक्याचं असतं. खेळ संपला की टब लगेच रिकामा करायचा. सुरुवातीलाच वाहत्या ओढ्यावर जाण्याचा मोह टाळा. तिथे पाण्याचा जोर तुमच्या हातात नसतो, त्यामुळे तुलना करता येत नाही, शिवाय लक्ष चाकापेक्षा मुलांवरच ठेवावं लागतं.

सामान

दोन जुन्या सीडी, अर्ध्या लिटरची एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली आणि तिच्याखेरीज त्याच जातीच्या आणखी एक-दोन बाटल्या पात्यांसाठी, दोन झाकणं, बांबूची लांब काडी (साधारण तीन मिलिमीटर जाड, तीस सेंटिमीटर लांब, विणकामाची सुई असेल तर उत्तम), दोन-तीन स्ट्रॉ, लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या, जाड दोरा, एक मोठा टब, एकसारखे नट किंवा वायसर, पॉलिश पेपर, चिकटपट्टी आणि गरम गोंदाची बंदूक.

सीडी सुचवण्यामागे कारण आहे. चाकासाठी पुठ्ठा घेतला तर तो दहा मिनिटांत लगदा होतो. प्लॅस्टिकचा पत्रा हाताने गोल कापायला मुलांना जमत नाही आणि वाकडं चाक धक्के खात फिरतं. सीडी मात्र बरोबर बारा सेंटिमीटर व्यासाची, अगदी गोल आणि पाण्याला न घाबरणारी असते. सीडी नसतील तर डब्यांची दोन सपाट गोल झाकणं घ्या, त्यांचा मध्य मात्र नीट शोधावा लागेल.

गोंदाबद्दल सांगायलाच हवं: लाकूडकामाचा नेहमीचा पांढरा गोंद इथे चालत नाही. तो वाळल्यावर घट्ट दिसतो, पण पाण्यात राहिला की पुन्हा मऊ पडतो आणि पाती एकेक करून गळतात. गरम गोंद किंवा दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी वापरा. बंदुकीतून आलेला गोंद बाटलीच्या पातळ प्लॅस्टिकवर लगेच टेकवू नका. दोन-तीन सेकंद थांबा, नाहीतर प्लॅस्टिक आक्रसतं.

चाक

१. सीडीची एक बाजू आणि बाटलीचे तुकडे जिथे चिकटणार तिथे पॉलिश पेपर घासून घ्या. गुळगुळीत पृष्ठभागावर गोंद धरत नाही. हे काम मुलांना आवडतं, पुरेसा वेळ द्या.

२. अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या सरळ भागातून तीन सेंटिमीटर रुंदीचं एक कडं कापा. हे कडं म्हणजे चाकाच्या पोटातला ढोल. दोन सीडींमधलं अंतर तेच ठरवतं आणि पात्यांमध्ये साचलेलं पाणी आत निसटू नये म्हणून तळाचं कामही तेच करतं. अनेक सोप्या नमुन्यांत हा ढोल नसतो. मग पाणी पात्यावरून आत घरंगळतं आणि दुसऱ्या बाजूने पडून जातं, चाक फिरतं पण उचलत काही नाही.

३. कडं एका सीडीवर बरोबर मध्यभागी ठेवून चिकटवा. सीडीच्या मधल्या पारदर्शक भागावरची वर्तुळं बघून मध्य साधता येतो.

४. दुसऱ्या बाटलीतून तीन बाय तीन सेंटिमीटरची आठ पाती कापा. बाटलीचं प्लॅस्टिक मुळातच वळलेलं असतं, त्या वळणाचा फायदा घ्या. सगळ्या पात्यांची पोकळ बाजू एकाच दिशेला हवी. इथे मुलं हमखास गोंधळतात, म्हणून चिकटवण्याआधी प्रत्येक पात्याच्या पोकळ बाजूला मार्करने ठिपका काढायला सांगा.

५. आठही पाती कड्यापासून सीडीच्या काठापर्यंत, सारख्या अंतरावर उभी चिकटवा. सीडीवर आधी एक अधिक आणि एक गुणिले अशा चार रेघा मारल्या की आठ जागा आपोआप मिळतात. चार पाती पुरत नाहीत, मधल्या मोकळ्या जागेतून पाणी सुटून जातं. सोळा केलीत तर इतक्या लहान चाकात ती एकमेकांच्या आड येतात आणि पाणी आत शिरण्याआधीच उडतं. ज्यांना पटत नाही त्यांनी दोन्ही करून पाहावं, तोही प्रयोगच आहे.

६. वरून दुसरी सीडी चिकटवा.

७. झाकणांना मधोमध भोक पाडा. अनेक झाकणांच्या मध्यभागी साच्याचा बारीकसा ठिपका असतो, खिळा तिथेच टोचा. काडी घट्ट बसेल एवढंच भोक हवं. दोन्ही सीडींच्या बाहेरच्या बाजूला एकेक झाकण चिकटवा, काडी आरपार घाला आणि झाकणापाशी गोंदाचा थेंब लावा.

चाक काडीवर सैल ठेवू नका. बऱ्याच नमुन्यांमध्ये काडी स्थिर असते आणि तिच्यावर चाक फिरतं. तसं केलं तर चाकाचं फिरणं चाकापाशीच राहतं, त्याला दोरा बांधायला जागाच उरत नाही. आपल्याला चाकाबरोबर आसही फिरायला हवा.

आता काडीची दोन्ही टोकं बोटांवर सैल तोलून चाक हलकेच फिरवा आणि थांबू द्या. दरवेळी तीच बाजू खाली येत असेल तर तिथे गोंद जास्त झालाय. समोरच्या बाजूला चिकणमातीची किंवा प्लॅस्टिसिनची छोटी गोळी लावा आणि चाक कुठेही थांबायला लागेपर्यंत ती कमी-जास्त करा. असा तोल साधताना मुलं फार गंभीर होतात. त्यांना घाई करू नका.

खांब आणि रीळ

लिटरच्या दोन सारख्या बाटल्या पाण्याने काठोकाठ भरा. त्या जड हव्यात. प्रत्येकीच्या झाकणावर स्ट्रॉचा चार सेंटिमीटरचा तुकडा आडवा चिकटवा. आसाची टोकं या नळ्यांमध्ये फिरतील. बाटल्या टबात, काठाजवळ उभ्या करा, चाक दोहोंच्या मध्ये. नळ्यांच्या आत किंचित पेट्रोलियम जेली लावली तर घर्षण कमी होतं. चाक सरकून बाटलीला घासू नये म्हणून काडीवर, नळीच्या अलीकडे, रबरबँडचे दोन वेढे द्या.

आसाचं एक टोक टबाच्या काठाबाहेर पाच-सहा सेंटिमीटर यायला हवं. त्यावर स्ट्रॉचा दुसरा तुकडा सरकवून पक्का चिकटवा, हे झालं रीळ. दोऱ्याचं टोक रिळाला चिकटपट्टीने बांधा. नुसती गाठ मारली तर भार वाढल्यावर दोरा जागच्या जागी घसरतो आणि मुलांना वाटतं चाकातच जोर नाही. टब टेबलाच्या कडेला ठेवा, म्हणजे दोरा थेट जमिनीपर्यंत लोंबेल. शेवटाला कागदी क्लिपचा आकडा करून त्यात नट अडकवा. भिंतीला किंवा टेबलाच्या पायाला मोजपट्टी चिकटवून पन्नास सेंटिमीटरवर ठळक रेघ ओढा.

पाणी सोडताना

नळ असेल तर तो अर्धाच उघडा आणि त्याची मूठ कुठे आहे ते खूण करून ठेवा. आधी लिटरचं माप भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. हा आकडा दरवेळी सारखा आला नाही तर पुढची कोणतीच तुलना खरी नाही.

नळ नसेल तर दोन लिटरच्या बाटलीच्या बुडाजवळ पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा आणि बाटली चाकाच्या वर, स्टुलावर किंवा पक्क्या फळीवर ठेवा. बाटलीतली पातळी खाली जाते तशी धार मंदावते, हे मुलांना स्वतः दिसू द्या. इटलीच्या टोरिचेल्लीने सतराव्या शतकात याचा नियम शोधला: भोकाच्या वर पाणी चौपट उंच असेल तर धारेचा वेग दुप्पट होतो. पाच सेंटिमीटर पाण्याखाली वेग सेकंदाला साधारण एक मीटर, वीस सेंटिमीटरखाली साधारण दोन. म्हणून एका मुलाला पाण्याचा मग देऊन उभं करा. बाटलीवर रेघ मारायची आणि पाणी त्या रेघेवरच राहील असं सतत ओतत राहायचं. हे सगळ्यात कंटाळवाणं वाटणारं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. पाळीपाळीने द्या.

टबात साठलेलं पाणी पुन्हा वर ओता. एका बादलीत सगळा प्रयोग निभतो.

तीन प्रकारे चाक फिरवा

पहिल्यांदा धार चाकाच्या खालच्या पात्यांवर आडवी येऊ द्या. बाटलीतून सुटलेली धार लगेच खाली वळते, त्यामुळे या वेळी भोक चाकाच्या बुडाच्या उंचीवर आणि पात्याच्या अगदी जवळ आणावं लागेल. त्यासाठी बाटली खाली घ्या. हे स्मीटनचं खालून ढकललं जाणारं चाक. जवळून बघा: पाणी पात्यावर आपटतं, चहूकडे उडतं आणि चाकाला धक्का देऊन झाल्यावरही बऱ्याच वेगाने पुढे निघून जातं. त्या निघून गेलेल्या वेगात जे सामर्थ्य उरलं ते चाकाला मिळालं नाही. मुलांना विचारा, वाया काय गेलं? "पाणी" असं उत्तर येईल. मग टबाकडे बोट दाखवा, पाणी तर सगळं तिथेच आहे. वाया गेला तो वेग.

दुसऱ्यांदा धार चाकाच्या मध्याच्या उंचीवर पात्यांत सोडा.

तिसऱ्यांदा वरून, अगदी माथ्यावर नाही, तर खाली उतरणाऱ्या बाजूला जराशी पुढे. आता चाक उलटं करून बसवावं लागेल की नाही ते मुलांनाच ठरवू द्या. खाली जाणाऱ्या बाजूला पात्याची पोकळी वर हवी, म्हणजे त्यात पाणी भरेल. योग्य बसलं की चाकाची चाल बदलते. ते गरगरत नाही, दमदारपणे उतरत राहतं: एक पातं भरतं, भाराने खाली जातं, मागचं त्याच्या जागी येतं. खालपर्यंत पोचताना पाणी ओतलं जातं. इथे दोन गोष्टी टिपायला सांगा. पाणी फार लवकर, अर्ध्या वाटेतच सांडतंय का? आणि सांडायचं राहून वर चढणाऱ्या बाजूला पाणी चिकटून जातंय का? दोन्हींत नुकसान आहे. पात्याची वळणं थोडी बदलून हे सुधारता येतं.

वरून भरणारं चाक पाण्याच्या धक्क्यावर नाही, वजनावर चालतं. हे नुसतं सांगून पटत नाही. माथ्यावरच्या पात्यात मगाने अगदी हळू, धक्का न देता पाणी ओता. धार नाही, वेग नाही, तरीही चाक वळतं.

पात्याला वळण का, असं कोणी विचारलं तर नळाखाली चमचा धरायला द्या. आधी सपाट चमच्याची मूठ, मग पोकळ बाजू. पोकळीत पडलेली धार वळून परत वर उसळते आणि हाताला बसणारा झटका स्पष्टपणे वाढतो. पाणी नुसतं अडवण्यापेक्षा उलट फिरवलं तर त्याचा धक्का जवळपास दुप्पट होतो. फ्रान्सच्या पोन्सलेने एकोणिसाव्या शतकात खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाला वळणदार पाती देऊन त्याची कमाई वाढवली. अमेरिकेतल्या लेस्टर पेल्टनने १८८० साली पेटंट घेतलेल्या चाकाची पाती तर मधोमध कड असलेल्या जोडवाट्यांसारखी आहेत. झोत कडेवर आपटतो, दोन भागांत फुटतो आणि मागे वळतो. उंच डोंगरावरून येणाऱ्या पाण्यासाठी वीजकेंद्रांत आजही पेल्टनचं चाक बसवतात.

मोजणी

लहान वयात ज्यूल, वॅट आणू नका. किलो गुणिले सेंटिमीटर एवढाच हिशेब पुरतो. स्मीटननेही वजन गुणिले उंची असाच हिशेब मांडला होता; ज्यांच्या नावावरून ज्यूल हे एकक आलं ते जेम्स ज्यूल तेव्हा जन्मायचेच होते.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. समजा, वजन पन्नास सेंटिमीटरच्या रेघेपर्यंत चढेतो दोन लिटर पाणी वापरलं गेलं. पाण्याची पातळी चाकाच्या बुडापासून तीस सेंटिमीटर वर होती. मग पाण्याने खर्च केले २ गुणिले ३० म्हणजे ६०. चाकाने उचललं २०० ग्रॅम, पन्नास सेंटिमीटर वर: ०.२ गुणिले ५० म्हणजे १०. साठ खर्चून दहा हाती आले, सहावा हिस्सा. उरलेले पन्नास गेले कुठे? उडालेले थेंब, पाण्याचा उरलेला वेग, स्ट्रॉमधलं घर्षण, लवकर सांडलेलं पाणी, आवाज. यादी मुलांनाच करू द्या आणि प्रत्येक गोष्ट कमी कशी करता येईल तेही त्यांनीच सांगू द्या. उंची मोजताना बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपासून मोजायची, भोकापासून नाही. यात बरेच जण चुकतात.

मोठ्या मुलांना हाच हिशेब ज्यूलमध्ये करायचा असेल तर किलो गुणिले मीटर गुणिले ९.८. वरच्या उदाहरणात पाण्याचे ५.८८ ज्यूल, वजनाला मिळाले ०.९८. हिस्सा तोच राहतो, कारण ९.८ दोन्हीकडे येतो.

आता खरी गंमत. पाणी तेच ठेवून वजन वाढवत न्या आणि दरवेळी पन्नास सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागले ते लिहा. एक नट भरकन वर जातो. तीन नट सावकाश. मग एक वेळ अशी येते की चाक थरथरतं, पाती भरून ओसंडतात, पण वजन हलत नाही. बिनवजनाचं चाक सगळ्यात जोरात फिरतं आणि काम शून्य. अडलेलं चाक सगळ्यात जास्त ताण धरतं आणि कामही शून्य. सगळ्यात जास्त काम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होतं. वजन गुणिले उंची भागिले सेकंद असा आकडा काढून चौकटीच्या कागदावर आलेख काढला की मधोमध टेकडी दिसते. "जोरात फिरणारं चाक म्हणजे ताकदवान चाक" हा समज या आलेखापुढे टिकत नाही. झोतावर चालणाऱ्या चाकासाठी हिशेबाने निघतं की काठाचा वेग झोताच्या वेगाच्या साधारण निम्मा असताना ते सर्वाधिक काम देतं. तुमच्या मुलांची टेकडी त्याच्या आसपास यावी असा आग्रह धरू नका. आपलं घर्षण फार आहे.

रीळ बदलूनही पाहा. स्ट्रॉऐवजी नुसत्या काडीवर दोरा गुंडाळला तर एका फेऱ्यात सेंटिमीटरभरही दोरा गोळा होत नाही, पण वजन कितीतरी जास्त उचलता येतं. जाड रीळ लावलं तर वजन झटकन चढतं आणि लवकर अडतं. सायकलचे गिअर वापरलेल्या मुलांना हे लगेच कळतं. काडी वाकायला लागली तर तिथेच थांबा. यापुढे मर्यादा काडीची आहे, पाण्याची नाही.

हमखास येणारा प्रश्न

चाकानेच पाणी परत वर चढवलं तर? मग बादली एकदा भरली की काम कायम चालू! हा प्रश्न आला नाही तर मला गट झोपलाय की काय अशी शंका येते. हसण्यावारी नेऊ नका. १६१८ साली रॉबर्ट फ्लड या इंग्रज वैद्याने अगदी अशाच यंत्राचं वर्णन केलं होतं: चाक दळणाचं जातं फिरवणार आणि त्याच चाकावर चालणारा पंप पाणी परत वर नेणार.

उत्तर मुलांच्या वहीतच आहे. साठ खर्चले तर दहा मिळाले. तेवढ्यात दोन लिटरांपैकी किती पाणी तीस सेंटिमीटर वर जाईल? दहा भागिले तीस, म्हणजे साधारण ३३० मिलिलिटर. उरलेलं पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी खालीच. कितीही सुधारणा केली तरी साठ खर्चून साठ मिळत नाहीत, आणि वर काही वेगळं काम करून घ्यायचं तर साठपेक्षा जास्त हवेत.

मग डोंगरावरच्या धरणात पाणी परत परत भरतं ते कसं? सूर्य समुद्राचं पाणी तापवतो, वाफ वर जाते, पाऊस पडतो. चाकाला पाणी वर नेऊन देणारा हमाल आकाशात आहे. जगात तयार होणाऱ्या विजेचा साधारण सातवा हिस्सा याच हमालीवर चालतो, आणि चीनच्या थ्री गॉर्जेस धरणावरचं सगळ्यात मोठं केंद्र २२,५०० मेगावॉट क्षमतेचं आहे. आकडा मुलांना पोकळ वाटत असेल तर उलट दिशेने या. दर सेकंदाला शंभर मिलिलिटर पाणी अर्ध्या मीटरवरून पडत असेल तर त्यातून जास्तीत जास्त अर्धा वॅट निघू शकतो. आपल्या सीडीच्या चाकाला त्यातलाही थोडाच भाग मिळतो.

दिवा पेटवायचा हट्ट

हा होणारच. खेळण्यातली छोटी डीसी मोटर उलटी वापरली, म्हणजे तिचा आस बाहेरून फिरवला, की ती वीज देते. अडचण वेगाची असते. लाल एलईडीला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात आणि आपलं चाक थेट जोडलं तर मोटर तेवढी जोरात फिरत नाही. चाकाच्या आसावर मोठी कप्पी (तिसरी सीडी चालेल), मोटरच्या आसावर अगदी लहान आणि दोहोंवर रबरबँड, असं केलं तर मोटर कितीतरी पट वेगाने फिरते. पांढरा किंवा निळा एलईडी घेऊ नका, त्यांना तीन व्होल्टच्या आसपास लागतात. एलईडी पेटला नाही तर सगळं मोडायच्या आधी त्याच्या दोन तारा अदलाबदल करा, तो एकाच दिशेने वीज जाऊ देतो. मोटर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाण्यापासून लांब ठेवा. भिंतीतल्या विजेचा, चार्जरचा या टेबलाशी काही संबंध येता कामा नये.

एलईडी लागताच चाक मंदावतं, ते नजरेतून सुटू देऊ नका. तारा सोडल्या की चाक पुन्हा पळतं, जोडल्या की जड होतं. इथे नटाच्या जागी दिवा आला, एवढाच फरक.

बिघडलं तर

चाक फिरतच नाही: दोन्ही बाटल्यांची उंची सारखी नाही, काडी तिरकी बसलीये किंवा गोंद स्ट्रॉत शिरलाय. आधी दोरा काढून हाताने फिरवून बघा.

काही वेळाने जड झालं: बांबूची काडी पाण्याने फुगली. आधीच तिला मेणबत्ती घासून ठेवा किंवा विणकामाची सुई वापरा.

चाक फिरतं पण रीळ थांबतं: झाकणातला किंवा रिळातला गोंद सुटलाय. काडीवर तिथे पॉलिश पेपर घासून पुन्हा लावा.

आकडे दरवेळी वेगळे येतात: धार चाकावर दरवेळी वेगळ्या जागी पडतेय. बाटली जिथे ठेवता तिथे तिचा घेर रेखून घ्या. आणि प्रत्येक मापन तीनदा करून मधला आकडा घ्या. पहिलंच मापन सगळ्यात चांगलं आलं म्हणून तेच वहीत लिहायचा मोह मोठ्यांनाही होतो.

चाक टाकून देऊ नका. कोरडं करून, नटांची पुडी आणि मोजणीची वही त्याच्याबरोबर एका डब्यात ठेवा. पुढच्या वेळी बहुतेक मुलं पात्यांचा नवा आकार डोक्यात घेऊन येतात, आणि तो जुन्यापेक्षा सरस आहे का हे ठरवायला जुने आकडे हाताशी लागतात.